फेरिटिन नऊ

नर्स एलेरी विचारते, दिवसभरात काय काय खातेस?
आणि मी, न वाचलेल्या धड्यावर प्रश्न आल्यासारखी
भिंतीवरच्या पोस्टरकडे बघते.
पोस्टरवर एक ताट आहे,
भावाभावांनी बांध घालून वाटून घेतल्यासारखं:
हिरव्याचं एवढं, पिवळ्याचं एवढं,
तेलाच्या वाट्याला कोपरा.

सकाळी काही नाही. बस असते.
दुपारी सँडविच, वेफर्स आणि बाटलीतली थंड कॉफी,
तिन्ही एकत्र घेतलं की स्वस्त पडतं म्हणून.
रात्री टोस्टवर बीन्स.
रविवारी बीन्सवर चीज, कारण रविवार.

मी म्हणते, तसं सगळंच खाते.
ती लिहून घेते,
आणि तिचं पेन जरा जास्तच हळू चालतं.

अठराव्या वर्षी स्वान्सीला आले तेव्हा
अंगात काय चालतं ते मला ठाऊक नव्हतं,
जसं इचलकरंजीत विजेचं बिल कोण भरतं ते ठाऊक नव्हतं.
बटण दाबलं की उजेड.
पहाटे तीनला किनाऱ्यावर कागदातले चिप्स,
नऊला लेक्चर, पहिल्या बाकावर.
दुसऱ्या वर्षी मेरेडिथने मोबाइलवर मोजायला शिकवलं,
केळ्याचे आकडे, भाताचे आकडे,
इतके की एकदा संत्रं सोलता सोलता
मी वजाबाकी करत होते.
मग परीक्षा आल्या, डब्यातली गोड वीज प्यायले.
मग नोकरी: हेडफोन लावून
लोकांच्या हरवलेल्या लायसन्सची चौकशी ऐकते.

बिल आत्ता आलंय.
न्हाणीच्या जाळीत केस.
घराकडच्या चढावर मध्येच एक लाल टपालपेटी आहे,
तिच्यावर हात टेकून मी उभी राहते,
कुणी आलंच तर
पत्र टाकतेय असं दिसावं.

नऊ, एलेरी म्हणते. तीस तरी हवं होतं.
घरी सांगितलेलं नाही.
सांगितलं असतं तर आठवड्यात अळिवांचं पार्सल आलं असतं,
कस्टमच्या कागदावर बाबांच्या अक्षरात 'बिया',
आणि त्यामागोमाग फोन, रोज, भिजवलेस का?

गोळी रिकाम्या पोटी, ती सांगते,
संत्र्याच्या रसाबरोबर. चहा नंतर, तासाभराने.
आणि दाराशी, जाता जाता, नर्स नसल्यासारखी:
आमची आजी लाव्हरब्रेड खायला लावायची बघ.
मार्केटात मिळतं. दिसायला भयंकर.

भयंकरच होतं.
समुद्राचं शेवाळ तासन् तास शिजवलेलं, काळं,
बैलगाडीच्या चाकाला घालतात तसलं वंगण.
ठेलेवाली म्हणाली, ओट्समध्ये घोळ आणि तळ.
मी घरी येऊन कांदा चिरला,
मिरची, कोथिंबीर, मूठभर बेसन, ओट्स,
ओल्या बोटांनी थापलं,
मधोमध भोक, भोवती चार.
पहिलं तव्यालाच चिकटलं, फाटलं.
दुसरं उलथलं.

डिलन नाक धरून आला. तो इथलाच, गावर टोकाकडचा.
म्हणाला, माझ्या नॅनला हे दाखवू नकोस.
मग एक खाल्लं.
मग फाटलेलंही खरवडून खाल्लं, उभ्यानेच,
आणि विचारलं, ह्याला काय म्हणतात?
मला शब्द माहीत होता.
तरी थालिपीठ म्हणताना क्षणभर थांबले,
खारट होतं ते, घरी कधी असं नव्हतं.

सहा महिन्यांनी पुन्हा रक्त काढणार आहेत.
आकडा काय येईल, कोण जाणे.
टपालपेटीचा रंग एका ठिकाणी उडालाय,
तो माझ्या हातानेच, असं मला उगाच वाटतं.

आज सकाळी गोळी घेतली.
रस प्यायले. किटलीकडे पाठ करून बसले.
आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ
दहा मिनिटं पुढे आहे,
चौघांनाही माहीत आहे, कुणी लावत नाही.
मी त्याच घड्याळाने
तास मोजते.